आठ कोअर, राबतोय एकच: इमेज प्रोसेसिंगचा प्रोग्रॅम समांतर करताना

एका जुन्या वाचनालयातली मासिकं स्कॅन करून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. पिवळी पडलेली पानं, कसरीनं पाडलेली भोकं, मागच्या पानाची उमटलेली शाई. स्कॅनिंग झालं, मग पानं साफ करणारा प्रोग्रॅम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला. पान करड्या छटेत आणायचं, मीडियन फिल्टरनं (पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांतली मधली किंमत ठेवणाऱ्या) ठिपके घालवायचे, वाकडं पान सरळ करायचं आणि शेवटी शुद्ध काळं-पांढरं करायचं. प्रोग्रॅम चालला, पण एक अंक व्हायला रात्र पुरेना. शेवटी एचटॉप (प्रोसेसरचा कोणता कोअर, म्हणजे गणित करणारा भाग, किती राबतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून पाहिलं, तर आठांतली एक पट्टी शंभर टक्क्यांवर आणि बाकीच्या सात निवांत. लग्नघरात आठ शेगड्या पेटवून ठेवल्यात आणि आचारी एकच, तशी गत.

समांतर प्रोग्रॅमिंग म्हटलं की मला पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ सालचा परम ८००० आठवायचा. ते महासंगणकवाल्यांचं काम, आपलं नव्हे, असं समजून मी बरेच दिवस त्या वाटेला गेलो नाही. तो गैरसमज होता. पण आणखी एक गैरसमज त्याहून महागात पडला: लूपच्या डोक्यावर एक ओळ चिकटवली की झालं. ती ओळ चिकटवायला दोन मिनिटं लागतात. कोणता थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला एकाच वेळी चालणारा कामाचा धागा, कुठे लिहितोय हे समजून घ्यायला मला दोन आठवडे लागले. तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीला काय काय जवळ हवं

- आपल्या प्रोसेसरमध्ये खरे कोअर किती, ही माहिती. लिनक्सवर एलएससीपीयू ही कमांड सांगते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर असे दोन वेगळे आकडे दिसतात. दोन्ही लिहून ठेवा.
- ओपनएमपी (लूपचं काम थ्रेडमध्ये वाटून देणारी सोय) समजणारा कंपायलर. जीसीसी असेल तर प्रश्नच नाही. मॅकवर ॲपलच्या क्लँगसोबत ओपनएमपीची लायब्ररी येत नाही, ती होमब्रूमधून वेगळी घ्यावी लागते.
- नमुन्याची दहा-बारा पानं. त्यात एक कोरं, एक गच्च छापलेलं, एक फाटकं आणि एक विचित्र मापाचं पान असू द्या.
- एकाच थ्रेडवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमनं त्याच पानांचे काढलेले निकाल. हे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. पुढे तुमचे साक्षीदार तेच.
- एक वही. खरंच. कोणता बदल केला की वेळ किती झाला, हे डोक्यात राहत नाही.

## १. आधी मोजा

६०० डीपीआयवर ए४ पान म्हणजे ४९६० गुणिले ७०१६, सुमारे ३ कोटी ४८ लाख पिक्सेल. रंगीत असेल तर प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एकच पान मेमरीत १०४ एमबी जागा घेतं. पाच बाय पाचचा मीडियन फिल्टर लावला की प्रत्येक पिक्सेलमागे २५ शेजारी वाचायचे: ८७ कोटी वाचनं. वेळ इथेच जातो असं वाटणं साहजिक आहे, पण अंदाजावर जाऊ नका.

प्रत्येक टप्प्याला वेगळं घड्याळ लावा: फाइल वाचणं, तिचं कॉम्प्रेशन उलगडणं, फिल्टर, काळं-पांढरं करणं, फाइल लिहिणं. माझ्याकडे फिल्टरखालोखाल वेळ पीएनजी फाइल लिहिण्यात चालला होता, कारण तिथलं कॉम्प्रेशन एकाच थ्रेडवर चालतं. कॉम्प्रेशनची पातळी खाली आणल्यावर एकही थ्रेड न वाढवता फरक दिसला.

इथेच पहिला सापळा आहे. सी भाषेतलं क्लॉक हे फंक्शन लिनक्सवर भिंतीवरचं घड्याळ दाखवत नाही, सगळ्या थ्रेडनी मिळून खाल्लेल्या प्रोसेसरवेळेची बेरीज देतं. आठ थ्रेडनी काम एक अष्टमांश वेळात संपवलं तरी बेरीज तेवढीच येते आणि आपण कपाळाला हात लावून बसतो. ओपनएमपीचं स्वतःचं डब्ल्यूटाइम किंवा क्रोनोमधलं स्टेडी क्लॉक वापरा. शिवाय पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या खेपेला ती बहुधा मेमरीतच असते. म्हणून पाच वेळा चालवा आणि पहिला आकडा सोडून द्या.

आता जरा गणित. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशोब साधा आहे: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. नव्वद टक्के काम वाटता आलं, तर चार कोअरवर वेग जेमतेम तिप्पट होतो, आठवर ४.७ पट, आणि हजार कोअर आणले तरी दहापटीच्या आतच राहतो. हे आधी माहीत असलं की नंतर मशीनला दोष देत बसावं लागत नाही.

## २. एकाच थ्रेडची अब्रू राखा

हळू प्रोग्रॅम आठ ठिकाणी चालवला तर आठ ठिकाणी हळू चालतो. आधी ऑप्टिमायझेशन चालू करून कंपाइल करा. ओ-टू किंवा ओ-थ्री. हसू नका, मी डीबग बिल्डची मोजमापं घेऊन दोन दिवस काढलेत.

मग लूपचा क्रम पाहा. चित्र मेमरीत ओळीमागून ओळ असं ठेवलेलं असतं. बाहेरचा लूप ओळींचा आणि आतला रकान्यांचा हवा. उलटं केलं तर प्रत्येक पिक्सेलसाठी मेमरीत हजारो बाइटची उडी मारावी लागते आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी, वाया जाते. एवढा एकच बदल कधीकधी चार कोअरइतकी कमाई करून देतो.

फिल्टरचं गणितही तपासा. गॉसियन ब्लर १५ बाय १५ चा असेल तर पिक्सेलमागे २२५ गुणाकार. तोच आधी आडवा आणि मग उभा असा दोन फेऱ्यांत केला तर ३०. मीडियनमध्ये खिडकी एक घर पुढे सरकते तेव्हा एक रकाना बाहेर जातो आणि एक आत येतो, बाकीचे तेच राहतात. मग दरवेळी पहिल्यापासून क्रम लावायची गरज नाही. आधुनिक प्रोसेसर एव्हीएक्स-टू सूचनांनी ३२ बाइट, म्हणजे करड्या चित्राचे ३२ पिक्सेल एकदम हाताळतात. लूप साधा-सरळ लिहिला आणि कंपायलरच्या मार्च या पर्यायाला नेटिव्ह सांगितलं, तर कंपायलर बऱ्याचदा हे आपणहून करतो. लूपच्या आत जर-तर कोंबले की तो हात वर करतो.

## ३. वाटणी कुठे करायची ते ठरवा

शेकडो पानं असतील तर प्रत्येक कोअरला एक अख्खं पान द्या. पानांचा एकमेकांशी संबंध नसतो, म्हणून भांडण नाही. यासाठी कोडला हात लावायचीही गरज नाही: लिनक्सवर एक्सआर्ग्जला पी हा पर्याय देऊन सांगा की एका वेळी आठ प्रती चालव. नव्यानं शिकणाऱ्या बहुतेकांचं काम इथेच संपतं. माझंही संपलं असतं, पण मला शिकायची खाज होती.

यात दोन अडचणी येतात. पहिली मेमरीची. एक पान १०४ एमबी, त्यात मधल्या प्रती धरून चारशेच्या आसपास. गुणिले आठ म्हणजे तीन जीबीच्या वर. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असेल तर मशीन डिस्कवर अदलाबदल करायला लागतं आणि समांतर प्रोग्रॅम एकट्यापेक्षाही हळू होतो. दुसरी डिस्कची. फिरती हार्डडिस्क असेल तर आठ जण आठ फाइली मागतात आणि तिचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. एसएसडीवर हा त्रास फारसा होत नाही.

पान एकच असेल किंवा माणूस पडद्यासमोर बसून निकालाची वाट पाहत असेल, तर मात्र पानाच्या ओळी वाटून द्याव्या लागतात. पुढचं सगळं त्याबद्दल.

## ४. कागदावर लिहा: कोण कुठे लिहितं

ही पायरी मी गाळली होती. तुम्ही गाळू नका. प्रत्येक टप्प्यासाठी दोनच प्रश्न विचारा: हा टप्पा काय वाचतो आणि कुठे लिहितो? वाचायला हजार जण आले तरी बिघडत नाही. एकाच जागी दोघं लिहायला आले की बिघडतं.

पिक्सेलपुरते टप्पे सोपे. रंगीतचं करडं करणं, ठरलेल्या उंबरठ्यावर काळं-पांढरं करणं: एक पिक्सेल वाचला, त्याच जागचा एक लिहिला.

शेजाऱ्यांकडे पाहणारे टप्पे, म्हणजे ब्लर आणि मीडियन, हेही सोपे. पण मूळ चित्र आणि निकालाचं चित्र वेगवेगळं असलं तरच. मेमरी वाचवायला त्याच चित्रावर परत लिहिलंत, तर एका थ्रेडनं बदललेला पिक्सेल दुसरा थ्रेड मूळ समजून वाचेल. काही जण चित्राच्या आठ पट्ट्या कापून प्रत्येकीवर वेगळा फिल्टर चालवतात. तसं केलं तर सांध्यावर बारीक आडवी रेघ उमटते, कारण प्रत्येक पट्टीला वाटतं की आपल्यापलीकडे कागद संपला. पट्टीला वर-खाली फिल्टरच्या निम्म्या उंचीइतक्या शेजारच्या ओळी वाचू द्या. पाचाच्या फिल्टरला दोन पुरतात.

गोळाबेरीज करणारे टप्पे, म्हणजे हिस्टोग्राम, सरासरी, काळ्या पिक्सेलची मोजणी, यात सगळे एकाच जागी लिहितात. खरं दुखणं इथे आहे आणि त्याला वेगळी पायरी दिली आहे.

राहिले ते एकमेकांवर टेकलेले टप्पे. करड्या छटा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत दाखवायच्या फ्लॉइड-स्टाइनबर्गच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेल आपली चूक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलवर ढकलतो, त्यामुळे पुढच्याला मागच्याची वाट पाहावीच लागते. अशांना सध्या हात लावू नका. बेरीजचित्राचं (प्रत्येक जागी तिच्या वरच्या आणि डावीकडच्या सगळ्या पिक्सेलची बेरीज) मात्र जमतं: आधी सगळ्या ओळी स्वतंत्रपणे बेरजा करत न्या, मग सगळे रकाने.

## ५. पहिली ओळ चिकटवा

आता ती प्रसिद्ध ओळ: बाहेरच्या, म्हणजे ओळींच्या लूपवर प्रॅग्मा ओएमपी पॅरलल फॉर. आतल्या लूपवर नको. आत लावली तर प्रत्येक ओळीला थ्रेड गोळा करायचे आणि परत सोडायचे, आणि एका ओळीत तेवढं काम नसतं.

कंपाइल करताना एफ-ओपनएमपी हा पर्याय द्यायला विसरलात तर कंपायलर ती ओळ मुकाट्यानं सोडून देतो. चूक नाही, सूचना नाही, वेगही नाही. वॉल हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे निदान अनोळखी प्रॅग्माचा इशारा मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा नेहमीचा ओपनएमपी पर्याय २.० आवृत्तीचा आहे. त्यात लूपचा आकडा साइन्ड लागतो, साइझ-टी चालत नाही.

माझा पहिला बग असा. मीडियनसाठी २५ आकड्यांचा एक छोटा ॲरे मी लूपच्या वर जाहीर केला होता. एकदाच जागा घ्यावी, काटकसर! ओपनएमपीत लूपबाहेर जाहीर केलेलं, वेगळं सांगितलं नाही तर, सामाईक असतं. आठ थ्रेड एकाच ॲरेमध्ये आपापले शेजारी भरत होते आणि एकमेकांचे उचलत होते. पानभर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. ठिपके घालवायच्या फिल्टरनंच ठिपके पाडले. उपाय एका ओळीचा: जाहीर करणं लूपच्या आत न्या. आणि डिफॉल्ट नन हे कलम लिहायची सवय लावा. मग बाहेरचा प्रत्येक व्हेरिएबल सामाईक की खासगी, हे कंपायलर तुमच्याकडून वदवून घेतो.

## ६. हिस्टोग्राम: इथे सावकाश जा

काळं-पांढरं करायचा उंबरठा मी ओत्सूच्या १९७९ सालच्या पद्धतीनं काढतो. त्यासाठी २५६ छटांपैकी कोणती किती वेळा आली, हा हिस्टोग्राम लागतो. सगळे थ्रेड त्याच २५६ खणांत एकेक वाढवतात. एक वाढवणं म्हणजे प्रोसेसरच्या लेखी तीन कामं: जुना आकडा उचल, एक मिळव, परत ठेव. दोघांनी एकाच वेळी ५०० उचलले, दोघांनी ५०१ ठेवले. एक पिक्सेल हरवला. यालाच रेस कंडिशन म्हणतात.

याची खोड अशी की ती रोज दिसत नाही. माझी बरीचशी पानं नीट येत होती. मधूनच एखादं काळंकुट्ट यायचं, पुन्हा चालवलं की ठीक. मी स्कॅनरला दोष दिला, डिस्क तपासली, रॅमसुद्धा बदलून पाहिली. शेवटी हिस्टोग्रामची बेरीज छापली, तेव्हा ती एकूण पिक्सेलइतकी भरत नव्हती. ही तपासणी तुम्ही पहिल्या दिवशीच घाला, एका ओळीचं काम आहे.

पहिला उपाय सुचतो तो प्रत्येक वाढीला ॲटॉमिक करण्याचा, म्हणजे ती तीन कामं मध्ये कुणाला येऊ न देता एकसलग करण्याचा. उत्तर बरोबर येतं, पण वेग पार झोपतो. कारण छापलेलं पान. पानाचा बहुतेक भाग कोरा कागद, म्हणजे बहुतेक पिक्सेल चार-पाच खणांतच पडणार. आठही थ्रेड त्याच खणांपुढे रांग लावून उभे.

खरा उपाय घरोघरी वेगळी वही. प्रत्येक थ्रेडला स्वतःचे २५६ खण द्या, शेवटी आठ वह्यांची बेरीज करा. चार बाइटचा खण धरला तर एक वही एक केबीची आणि अखेरच्या बेरजा फक्त २०४८. साडेतीन कोटी पिक्सेलपुढे ते काहीच नाही. ओपनएमपी ४.५ पासून रिडक्शन कलमात सी-सी प्लस प्लसचा अख्खा ॲरेही देता येतो, म्हणजे हे सगळं ते आपणहून करतं.

तरी एक भांडण उरतं, बांधावरचं. साध्या मोजणीसाठी मी आठ आकड्यांचा ॲरे केला: थ्रेड शून्यला पहिला खण, एकला दुसरा, असं. कुणी कुणाच्या खणात लिहीत नव्हतं, तरी वेग वाढेना. प्रोसेसर मेमरी बाइटनं उचलत नाही, नेहमीच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर ६४ बाइटच्या तुकड्यांनी उचलतो. चार बाइटचे आठही शेजारी एकाच तुकड्यात बसले होते. एकानं आपल्या वावरात नांगर घातला की तो तुकडा बाकी सगळ्यांच्या कॅशमधून बाद व्हायचा आणि पुन्हा आणावा लागायचा. शेतं वेगळी, बांध एकच. मोजणी थ्रेडच्या आतल्या साध्या व्हेरिएबलमध्ये करा आणि बाहेर एकदाच, शेवटी लिहा.

बेरजेच्या रुंदीकडेही लक्ष असू द्या. पांढऱ्या पानावर साडेतीन कोटी गुणिले २५५ म्हणजे सुमारे ८८७ कोटी. ३२ बिटांत ४२९ कोटींवर मावत नाही. ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. दशांशात बेरीज केली तर थ्रेडच्या क्रमाप्रमाणे शेवटचे अंक बदलतात आणि निकाल ताडून पाहताना उगाच घाम फुटतो.

## ७. कुणाला किती काम

ओळी वाटताना स्टॅटिक, म्हणजे आधीच ठरवून दिलेलं, वाटप ठीक, कारण ब्लरला प्रत्येक ओळ सारखीच. पानं वाटताना डायनॅमिक घ्या, म्हणजे जो मोकळा होईल त्याला पुढचं पान. कोरं पान चटकन उरकतं, वाकडं आणि गच्च पान वेळ खातं. समसमान वाटलं तर सात जण हात झाडून मोकळे आणि एकजण राबत बसलेला.

## ८. आठपट का होत नाही

ॲमडाल झालेच. दुसरं, लॉजिकल प्रोसेसर म्हणजे खरे कोअर नव्हेत, एकच कोअर दोन असल्यासारखा दाखवलेला असतो. चार कोअर आणि आठ लॉजिकल असतील तर गणिताच्या कामात अपेक्षा चाराच्या जरा वर ठेवा. तिसरं, हलक्या टप्प्यांत प्रोसेसर मेमरीची वाट पाहत बसतो. काळं-पांढरं करताना पिक्सेलमागे एकच तुलना. तिथे नळ बारीक आहे, बादल्या वाढवून काय होणार? अशा वेळी दोन टप्पे एका फेरीत उरका: करडं करताना त्याच फेरीत हिस्टोग्रामही मोजा, म्हणजे चित्र मेमरीतून एकदाच वाचलं जातं. गणित एकीकडे आणि ते कुठल्या क्रमानं चालवायचं हे दुसरीकडे, असं वेगळं लिहू देणारी हॅलाइड ही भाषा अशाच कामासाठी २०१२ मध्ये एमआयटीतून आली. या लेखात ती मावणार नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल हमखास विचारतात. चित्र तिकडे नेण्या-आणण्याला वेळ लागतो. एका हलक्या फिल्टरसाठी तो भुर्दंड भरून निघत नाही. पाच-सहा जड टप्पे चित्र तिकडेच ठेवून करणार असाल तर विचार करा.

पायथॉनवाल्यांसाठी

साध्या पायथॉन कोडचे थ्रेड ग्लोबल इंटरप्रिटर लॉकमुळे एका वेळी एकच चालतात, म्हणून मल्टिप्रोसेसिंग घ्या. विंडोजवर मुख्य भाग मेनच्या तपासणीखाली ठेवला नाही तर प्रत्येक नवी प्रोसेस तीच फाइल पुन्हा चालवू पाहते आणि चुकांची रांग लागते. ओपनसीव्ही वापरत असाल तर तिची बरीच फंक्शनं आतून स्वतःच थ्रेड काढतात. आठ प्रोसेस, प्रत्येकीत आठ थ्रेड, चौसष्ट जणांची एका दारात झुंबड. प्रत्येक प्रोसेसमध्ये सुरुवातीलाच सेट-नम-थ्रेड्सला एक सांगा.

## ९. तपासा, मग रात्रभर लावा

आधी बाजूला ठेवलेले निकाल काढा आणि बाइट-न्-बाइट ताडून पाहा. डोळ्यांवर विसंबू नका. एका ओळीतला फरक डोळ्याला दिसत नाही. थ्रेडची संख्या एक, दोन, आठ अशी सोयीची ठेवू नका. तीनवर चालवा, सातवर चालवा. उंचीला भाग जात नाही तेव्हाच सांध्यावरच्या चुका वर येतात. एकच पान शंभरदा चालवा. थ्रेड सॅनिटायझर हा कंपायलरमधला तपासनीस रेस पकडून देतो, मात्र जीसीसीच्या ओपनएमपीसोबत तो खोट्या तक्रारीही करतो, म्हणून त्याचा प्रत्येक इशारा कोडशी ताडून बघा.

रात्रभर लावणार असाल तर एक कोअर रिकामा सोडा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि सकाळी मोजलेले आकडे कुणाचेच नसतात. निकाल आधी तात्पुरत्या नावानं लिहा आणि पान पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. आमच्याकडे पहाटे लाइट गेली तेव्हा आठ पानं अर्धवट लिहिलेली राहिली होती. फाइल तर आहे, म्हणून पुढच्या खेपेला प्रोग्रॅमनं ती झालेली धरून वगळली, आणि अर्धी कापलेली ती आठ पानं वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला फोन करून दाखवून दिली.